प्रतिबिंबाचा गौरव

अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील फ्रँकनमथ या लहानशा नगरांतले तिघे किस्का बंधु व त्यांचा एक मित्र यांच्या 'ग्रेटा व्हॅन फ्लीट' या बँडचा पहिला पूर्ण अल्बम 2018 सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां रसिकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, ही लेड झेपेलिनची उघड चोरी आहे. दुसरा म्हणाला, झेपेलिन तरी कोठें सोंवळें होतें? आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि दुसरा अधिक चुकला आहे.

चोरी म्हणजे अमुक ओळ किंवा अमुक चाल उचलणें. या तरुणांनीं घेतलें आहे तें निराळेंच: रॉबर्ट प्लांटचा वरच्या पट्टींत किंचाळत चढणारा आवाज, जिमी पेजच्या गिटारचा भरदारपणा, बॉनहॅमच्या ड्रमचा जड ठोका. कायद्याला यांत चोरी दिसत नाहीं. कानाला मात्र दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं.

मग दोष कशांत? आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतांत काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: आरशांतील प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन माणसांच्या चेहऱ्यांतील साम्यासारखें. पहिलीं दोन त्याज्य, तिसरें ग्राह्य. कारण चेहरे कितीहि मिळते असले तरी प्रत्येक देहांत जीव स्वतःचा असतो. गाण्यालाहि हीच कसोटी लावावी.

आतां झेपेलिनकडे वळूं. 1969 सालच्या 'होल लोटा लव्ह' या गाण्यांत विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज-गीतकाराचे शब्द त्याचें नांव न देतां घेतले होते, हें खरें. डिक्सननें 1985 सालीं दावा लावला, 1987 सालीं तडजोड झाली, व पुढें त्याचें नांव गीतकारांत आलें. हा अपराध झेपेलिनच्या भक्तांनीं झांकूं नये. परंतु डिक्सनचें जें गाणें मडी वॉटर्सनें 1962 सालीं गाइलें होतें, तें आणि हें एकामागून एक ऐकावें. गिटारचें तें धडक देणारें आवर्तन आणि मधला ध्वनींचा कल्लोळ मुळांत नाहीं. तेथें नवा जीव आहे. नीतीच्या न्यायालयांत झेपेलिन हरलें, कलेच्या न्यायालयांत जिंकलें. किस्का बंधूंचें नेमकें उलट आहे. एकाच्या अपराधानें दुसऱ्याचें दारिद्र्य कसें झांकलें जावें?

त्या तरुणांस आम्ही फारसा बोल लावीत नाहीं. तेव्हां ते जेमतेम विशीचे होते, आणि प्रत्येक शिष्य प्रथम गुरूच्या गळ्यानेंच गातो. बोल लावावयाचा तो शिष्यदशेलाच सिद्धि मानणाऱ्यांस. 2019 सालीं सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचें ग्रॅमी पारितोषिक याच बँडच्या 'फ्रॉम द फायर्स'ला मिळालें. बॉनहॅम 1980 सालीं वारला आणि झेपेलिन मोडलें. त्या काळांत हरवलेलें आपलें तारुण्य परत सांपडल्याचा आनंद या गौरवाच्या मुळाशीं असावा, अशी आम्हांस दाट शंका आहे. पण ज्याच्या नकलेलाच हार पडतो, त्यानें स्वतःचा आवाज शोधण्याचे कष्ट कां घ्यावे?

ज्यांना स्मरणच हवें, त्यांच्यासाठीं जुन्या तबकड्या आहेत व त्या अजून उत्तम वाजतात. नव्या गायकाकडे नवें गाणें मागावें. श्रोते तें मागणार नसतील, तर आरसे विकणाऱ्यांचीच दुकानें चालावयाचीं, आणि त्याचा दोष दुकानदारांचा असणार नाहीं.