लाँग वीकेंड आणि आमचा वाघ

जोडून तीन सुट्ट्या आल्या की आमच्या चंद्रपुरात दोन गोष्टी वाढतात, पारा आणि पाहुणे. वर्षभर फोन न उचलणारा पुण्याचा मावसभाऊ विचारतो, "ताडोब्यात ओळख आहे का रे?" अरे बाप्पा, ओळख असती तर मलाच मोहर्लीचं बुकिंग भेटलं नसतं का!

मग टीव्ही सुरू होतो. वाघ पाणी प्यायला, ब्रेकिंग. वाघाने जांभई दिली, थरारक दृश्य. बिचारा उन्हाने हैराण होऊन पाणवठ्यात बसलाय, अन् अँकरला घाम फुटलाय.

आता २०२५ चा मे आठवा. १० तारखेला दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी बुद्धपौर्णिमा. पौर्णिमेच्या रात्री पैसे भरून मचाणावर बसायची हौस आपल्याला माहीतच आहे. त्याच शनिवारी सिंदेवाही तालुक्यात मेंढामालच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या, अन् वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या.

वाघ पायजेच, त्यावर वाद नाही. त्याच्यावर इथल्या कित्येक गाइड-ड्रायव्हरची चूल पेटते. पण तेंदू-मोहवाली बाई बी जंगलातच जाते, ना जिप्सी, ना गाइड, ना सुट्टी. तिच्यासोबत पहारा द्यायला माणसं कोण देणार, हे विचारायला एखादा कॅमेरा तेंदूच्या फळीवर बी पाठवा ना भाऊ. जांभई पुढच्या वीकेंडलाही मिळेल.