सकाळीही मान टाकलेली दिसली, तर तो साधा शीण नव्हे



ऐन उन्हाच्या वेळी कापसाच्या रानात गेलात तर पाने माना टाकून बसलेली दिसतात. जाणता शेतकरी त्याने घाबरत नाही. ऊन कलले, गार वारा सुटला की तेच पीक पुन्हा ताठ उभे राहते, हे त्याला ठाऊक असते. पण दिवस उगवायच्या आधी रानात गेलो आणि तेव्हाही पिकाने मान टाकलेली असली, तर मात्र काळजात धस्स होते. रात्रीच्या गारव्यातही ज्याला सावरता आले नाही, त्याच्या मुळाशी ओल उरलेली नाही, हे सांगायला कोणा साहेबाची गरज लागत नाही.

हीच पारख घरातल्या बाईला लावा, एवढेच आज सांगायचे आहे.

दिवसभर वेचणी करून बाई रात्री दमून पडली आणि सकाळी ताजी होऊन उठली, तर तो शीण. तो झोपेने जातो. पण रात्रभर पडूनही सकाळी अंग जडच, डोळे ओढलेले, कशात जीव नाही, आणि हे दोन-चार दिवस नव्हे तर आठवडेच्या आठवडे चाललेले, तर ती गोष्ट वेगळी. इंग्रजीत याला 'बर्नआउट' म्हणतात. फ्रॉयडेनबर्गर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेवर पहिल्यांदा लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या सततच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. आपल्याकडच्या बाया यालाच 'जीव विटला', 'पार आंबून गेले' असे म्हणतात. शब्द आपल्याकडे आहेत. ते ऐकून घ्यायला मात्र कोणी थांबत नाही.

ही व्याख्या नोकरीच्या कामापुरती आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण कचेरीतला माणूस संध्याकाळी कचेरी सोडून घरी येतो. शेतकरणीचे घर आणि कामाची जागा यांच्यात कुंपणच नसते. पहाटे चारला उठून झाडलोट, पाणी, शेणघाण, धारा, डबे. नऊच्या आत रानात. दिवसभर खुरपणी नाहीतर वेचणी. येताना डोक्यावर वैरणीचा भारा, आल्यावर पुन्हा भाकऱ्या, भांडी, म्हाताऱ्यांची औषधे, पोरांचे अभ्यास. नवरा पारावर जाऊन येतो, ही दहाला अंथरुणाला पाठ टेकते.

हे उगीच बोललेले नाही. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे, असे दिसले. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा आकडे निघाले २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ मिनिटे वाचली! बरे, या हिशेबात रानातले आणि मजुरीचे काम धरलेलेच नाही. ते वेगळे.

आता लक्षणे पाहू. पिकाची पाहणी करतो तशी घरात शांतपणे पाहणी करा.

पहिले लक्षण, सकाळचा थकवा. वर सांगितलाच आहे. त्याच्या जोडीला डोके, कंबर, मान सतत दुखणे, झोप न लागणे किंवा मध्यरात्री जाग येऊन डोक्यात कामांची यादी फिरत राहणे, भूक मरणे.

दुसरे, मन उडणे. जी बाई गोठ्यात शिरली की गाईशी बोलायची, ती आता मुकाट्याने धार काढते. सणवार आला की अंगावर काटा येतो. पोरांवर विनाकारण खेकसते, नंतर एकटीच डोळे पुसते. हळदीकुंकवाला, गटाच्या बैठकीला जायचे टाळते.

तिसरे, 'माझ्याच्याने काही होत नाही' ही भावना. भाजीत मीठ दोनदा पडते, धाराचे भांडे कुठे ठेवले आठवत नाही, सोपे काम डोंगराएवढे वाटते. वीस वर्षे संसार ओढलेली बाई स्वतःला निकामी म्हणू लागते.

अशा वेळी घरचे काय म्हणतात? 'आळशी झालीय', 'नाटक करतीय', नाहीतर 'बाहेरचं काहीतरी झालंय' म्हणून देवऋषाकडे नेतात. थोडे शिकलेले घर असेल तर डॉक्टरकडून सलाईन लावून आणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात पाठवतात. बाईसुद्धा आपल्या परीने इलाज करते. दुखण्यावर दुकानातली गोळी, भुकेवर कोरा चहा आणि शिणावर मिश्री. मुळाशी ओल नसलेल्या झाडावर वरून फवारणी करण्यातला हा प्रकार आहे.

आणि जेव्हा कोणीच ऐकत नाही, तेव्हा गोष्ट कुठवर जाते हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती, पण काम बुडू नये, उचल फिटावी, खाडा पडू नये, ही त्यातली मोठी चिंता होती. शरीर थांबा म्हणत असताना थांबण्याची सोयच नसली, की माणूस शरीराचाच भाग काढून टाकायला तयार होतो. तोडणीला जाणारी बाई आणि घरच्या रानात राबणारी बाई यांच्यात फरक आहे, पण थांबण्याची सोय दोघींनाही नाही.

मग करायचे काय?

आधी तपासणी. सगळाच थकवा मनाचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. सोबत साखर, रक्तदाब आणि डॉक्टरांनी सांगितल्यास थायरॉइड तपासावे. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. आणि घरातल्या बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले खायची रीत आता बंद करा. गाभण गाईला आपण वेगळा खुराक देतोच ना?

दुसरे, कामाची मोजदाद. एक दिवस घरातल्या सगळ्यांनी बसून, बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करते ते कागदावर उतरवून काढा. मग त्यातली निदान दोन कामे तिच्या अंगावरून कायमची काढा. 'आज मी मदत करतो' असे नको. मदत म्हटले की काम तिचेच राहते, सांगावे आणि आठवण करून द्यावीही तिनेच लागते. गोठ्याची सफाई पोराची, संध्याकाळची धार नवऱ्याची, असे एकदा ठरले की ठरले. पोरगा असो की पोरगी, वाटणी सारखीच.

तिसरे, सुट्टी. पूर्वी सासुरवाशीण नागपंचमीला, दिवाळीला माहेरी जायची, आठ दिवस तिला कोणी उठवत नसे. ती रीत उगीच नव्हती. आता दारात दोन संकरित गाई आल्या, दोन वेळच्या धारा आल्या आणि माहेरपण गेले. दुधाचा धंदा चांगला, पण त्याला रविवार नाही. त्यासाठी भावकीत, शेजारात पाळीपाळीने एकमेकांच्या धारा सांभाळायची पद्धत पाडा. रानातल्या कामाला आपण सावड करतोच, तशी गोठ्याची सावड करा. बैलाला पोळ्याला जू लावत नाही, आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळतो. घरातल्या बाईच्या नावाने वर्षात असा दिवस कोणता, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

एक लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे साचलेला शीण चार दिवसांच्या माहेरपणाने जात नाही. परत आल्यावर बोजा तोच असेल तर पंधरा दिवसांत गाडी मूळ पदावर येते. म्हणून आधी बोजा कमी, मग विश्रांती. सुधारणेला महिने लागतात. एखादा दिवस बरा, एखादा वाईट, असे होणारच. लगेच 'झाली की बरी' म्हणून सगळी कामे पुन्हा तिच्या पुढ्यात टाकू नका.

चौथे, अवजारे. खुरप्याने उकिडवे बसून निंदणी करण्यापेक्षा उभ्याने चालवायचे सायकल कोळपे कंबर वाचवते. दातेरी विळ्याने कापणीला जोर कमी लागतो. वेचणीचा कापूस कमरेला ओच्यात बांधण्यापेक्षा खांद्यावर भार देणारी पिशवी बरी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्यावर बरीच वर्षे काम झालेले आहे, त्याचा लाभ घ्या. पण अनुभव असा, की घरात पैसा आला की आधी पुरुषाच्या कामाचे यंत्र येते. ट्रॅक्टरने नांगरट एका दिवसात होते, निंदणी मात्र अजून बोटांनीच चालते.

इथे सातबाऱ्याचा प्रश्न येतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात महिला शेतकऱ्याला अनुदानाचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत ठेवले होते, सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के. पण अर्ज करायचा तर जमीन तिच्या नावावर हवी. राज्याने १९९२ साली लक्ष्मीमुक्तीचा निर्णय केला. त्यानुसार नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिल्यास बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. तीस वर्षे उलटून गेली, तरी किती घरांनी हा अर्ज केला? संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. भाषणे होतील, शाली-श्रीफळे होतील. एका अर्जाने जे होईल ते शंभर श्रीफळांनी होणार नाही. जिचे नाव कागदावर आहे, तिच्या 'आज माझ्याने होत नाही' या शब्दालाही घरात वजन येते.

आता गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांनी ग्रामसभेआधीची महिला सभा रजिस्टरवर अंगठे घेण्यापुरती ठेवू नये. पाणी घरापर्यंत किती वाजता येते, दळणाला किती लांब जावे लागते, पाळणाघराची सोय होईल का, हे तिथे विचारावे. पहाटे तीनला सुटणारे नळाचे पाणी सहाला सोडले, तर त्याला निधी लागत नाही, पण गावातल्या शेकडो बायकांना तीन तास झोप जास्त मिळते. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याशिवाय दुसरेही काही बोलू द्यावे. आणि ज्या आशाताई, अंगणवाडीताई दुसऱ्यांच्या तब्येतीची नोंद ठेवतात, त्यांचीही घरे आणि राने आहेत. प्रत्येक नवे सर्वेक्षण त्यांच्याच गळ्यात मारताना याचा विचार व्हावा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाई 'मी नसले तर बरे होईल', 'कंटाळा आला जगण्याचा' असे बोलू लागली, पोरांना कोणाच्या स्वाधीन करण्याची भाषा करू लागली, तर ते रागातले बोलणे म्हणून सोडून देऊ नका. २०२१ या एका वर्षात देशात २३ हजारांहून जास्त गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि रानात राबणाऱ्या कितीतरी बाया कागदोपत्री 'गृहिणी'च असतात. अशा वेळी तिला एकटे सोडू नये. तणनाशक, कीटकनाशकाचे डबे कुलपात टाकावेत, हे तर एरवीही करायलाच हवे. सरळ विचारावे, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग उशीर न करता डॉक्टरकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलते, मराठीतही बोलते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या, दूध संकलन केंद्राच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर ठळक लिहावा.

आणि भगिनींनो, तुम्हालाही एक सांगणे. थकले म्हणणे म्हणजे संसाराला कमी पडणे नव्हे. जे होत नाही ते होत नाही म्हणून सांगा, पहिल्यांदा घरात कोणाला रुचणार नाही, तरी सांगा. नवऱ्याला सांगता येत नसेल तर जावेला, आईला, आशाताईला सांगा. आणि बंधूंनो, उद्या पहाटे जरा लवकर उठा, घरातल्या बाईचा चेहरा नीट पाहा आणि तिला विचारा, रात्री झोप लागली का? ती काय सांगते ते ऐकूनच मग रानात जा.