हवा आजची, हवामान वर्षानुवर्षांचे



भूगोलाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ म्हटले की हवा आणि हवामान ही जोडी हमखास आठवते. मुले व्याख्या पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. घरी विचारावे तर आई म्हणते, “आम्ही कुठे एवढे शिकलो रे!” आमचे म्हणणे असे की, हा धडा त्या आईला निम्मा येतोच. फक्त त्याला पुस्तकात काय म्हणतात, ते तिला कोणी सांगितलेले नाही.

मे महिन्याच्या अखेरीस आपण पत्रे ठोकून घेतो, छपरावर ताडपत्री घालतो. त्या दिवशी आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. तरी आपण पदरचे पैसे घालतो, कारण जूनमध्ये पाऊस लागतो हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते. हे झाले हवामान. जुलैत सकाळी कामावर निघताना आभाळाकडे पाहून छत्री घ्यायची की नाही ते आपण ठरवतो. ही झाली हवा.

आणखी एक उदाहरण विहारातले. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्या दिवशी लख्ख ऊन पडले म्हणून तो कोणी पुढे ढकलत नाही. पावसाचे महिने कोणते, हे गंगेच्या खोऱ्यातील लोकांना पिढ्यान्पिढ्या माहीत होते. म्हणजे वर्षावासाचा काळ एका दिवसाच्या आभाळावरून नव्हे, तर हवामानावरून ठरला.

आता पुस्तकी भाषा पाहू. एखाद्या ठिकाणी ठरावीक वेळी वातावरणाची जी स्थिती असते, ती हवा. ती तासातासाला बदलते. तापमान, वायुदाब, वारे, आर्द्रता आणि पाऊस ही तिची प्रमुख अंगे. यांच्या रोजच्या नोंदी साधारण ३० वर्षे ठेवून जी सरासरी स्थिती निघते, ती हवामान. रेडिओवर ‘हवामानाचा अंदाज’ सांगतात, तो खरे तर हवेचा अंदाज असतो. बोलण्यात तसे चालते, पेपरात मात्र चालणार नाही.

यापुढचा प्रश्न ‘भौगोलिक कारणे द्या’ हा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास. असे का? पावसाळ्यात नैऋत्येकडून, अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. वाटेत सह्याद्री आडवा येतो. वारे डोंगर चढू लागतात. वर चढताना ते थंड होत जातात, म्हणून त्यांतील बाष्पाचे पाणी होऊन घाटमाथ्यावर धो-धो पाऊस कोसळतो. याला प्रतिरोध पाऊस म्हणतात. पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यात बाष्प थोडेच उरते, शिवाय उतरताना वारा तापतो आणि कोरडा होतो. तो प्रदेश पर्जन्यछायेचा. माणच्या माणसाला दुष्काळ भोगावा लागतो, हा त्याच्या नशिबाचा किंवा कुणाच्या कोपाचा भाग नाही. त्यामागे डोंगर आणि वारा यांचा हिशेब आहे. हिशेब कळला की पाणी अडवण्याचा, साठवण्याचा विचार सुरू होतो.

दुसरे कारण समुद्राचे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. म्हणून मे महिन्यात नागपूरचा पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो, तर मुंबईचा साधारण ३३-३४ वर राहतो. मुंबईचे हवामान सम, नागपूरचे विषम.

मात्र हवामान माहीत असले म्हणजे हवेची काळजी मिटली, असे नाही. २६ जुलै २००५ हा दिवस आठवा. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाऊस एका दिवसात! एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. या हिशेबाने दहा बाय दहाच्या एका खोलीच्या छपरावर त्या दिवशी सुमारे ८,८०० लिटर पाणी पडले. दोनशे लिटरची ४४ पिंपे! साकीनाक्याला डोंगराची दरड घरांवर कोसळून अनेक माणसे गेली. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. एकाच शहरात हवेची अशी दोन रूपे होती.

म्हणून हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ घरातल्या मुलांनी मोठ्यांना समजावून सांगावा. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. ज्यांची घरे डोंगरउतारावर किंवा नाल्याकाठी आहेत, त्यांनी लाल इशाऱ्याच्या दिवशी भांडीकुंडी मोजत बसू नये. म्हातारी माणसे, लेकरे आणि कागदपत्रे घेऊन सुरक्षित जागी जावे.

एका दिवसाच्या अतिवृष्टीवरून मात्र ‘हवामान बदलले’ असे उत्तर लिहू नका. त्यासाठी पुष्कळ वर्षांच्या नोंदी लागतात. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे, हे अशा नोंदींवरूनच कळले.

आता गृहपाठ. याला क्लासची फी लागत नाही. तोंडापासून तळापर्यंत सारख्याच रुंदीचा, सपाट तळाचा एक रिकामा डबा घ्या. झाडापासून आणि पागोळीपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते मोजा, तारखेसह वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. पट्टीचा शून्य अगदी टोकाला नसेल, तर टोकापासून शून्यापर्यंतचे अंतरही त्यात मिळवा. पाऊस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहायला विसरू नका. तीही नोंदच आहे. महिनाअखेर बेरीज करून आपली वही शेजारच्या वस्तीतल्या मित्राच्या वहीशी ताडून पाहा. आकडे वेगळे निघाले तर ते का, हे आधी स्वतः विचार करून लिहा आणि मगच गुरुजींना किंवा बाईंना विचारा.