मूळ, प्रक्षिप्त आणि ‘कालोचित’

जुन्या वाद्यांच्या बाजारात ‘शंभर टक्के मूळ’ ह्या शब्दांइतके महाग दुसरे काही नसावे. हे शब्द उच्चारता यावेत म्हणून तिथे जे चालते त्याला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

निमित्त असे घडले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियात रिकनबॅकरची ‘मॉडेल बी’ ही विजेवर चालणारी स्टील गिटार विकत घेतली. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायचे हे वाद्य. हिंदी चित्रपटगीतांतून हवाइयन गिटार ऐकत वाढलेल्यांना तो आवाज परका नाही. त्याने छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, ‘सर, तुम्ही आम्हाला पाठचिकित्सा शिकवलीत, आता ह्यातले मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते ते सांगा.’ थट्टाच ती. पण आम्ही ती मनावर घेतली.

‘मॉडेल बी’ १९३५ साली आली. अंग आणि मान दोन्ही बेकलाईटची. तारांना वरून-खालून कवेत घेणारे नालाच्या आकाराचे दोन चुंबक, ही जॉर्ज बोशँपची कल्पना. हे चुंबक युद्धापूर्वी दीड इंच रुंद असत, युद्धानंतर सव्वा इंच झाले. तारा आधी अंगातून आरपार ओवलेल्या असत, नंतर त्यांना वेगळा आधार आला. अंगावरच्या धातूच्या पट्ट्या आधी क्रोमच्या होत्या, पुढे पांढऱ्या रंगवलेल्या. म्हणजे मोजपट्टी आणि नीट पाहणारे डोळे असले की निम्मे काम होते. उरलेले निम्मे आतले. स्क्रूंच्या खाचा झिजल्या आहेत का, पट्टीखालचा मळ पट्टीच्या कडेशी जुळतो का, तारांच्या टोकांवरचा डाख एकाच हाताचा आहे का, हे पाहावे लागते.

आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारीतले चुंबक दीड इंचीच निघाले. तारा आरपार, पट्ट्या क्रोमच्या. फक्त आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या पाठीवर १३७६२१८ असा आकडा होता. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६२ हे वर्ष, १८ हा त्या वर्षातला आठवडा. डाखही वेगळा, चकचकीत. प्रक्षेप सापडला!

इथवर आमची तक्रार नाही. पैसे मोजणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळलेच पाहिजे. तक्रार पुढच्या पायरीची आहे. तिथल्या एका विक्रेत्याने त्याला सुचवले, की हा सुटा भाग फेकून द्या. त्याच काळातल्या दुसऱ्या मोडक्या वाद्यातला भाग मी बसवतो, जुनी कापडी वेष्टणाची तारही लावतो, कोणाला कळणार नाही. बाजारात ह्याला ‘कालोचित’ म्हणतात. आम्ही ह्याला बनावट म्हणतो. १९६२चा तो भाग निदान खोटे बोलत नव्हता. ही गिटार १९६२च्या आधी नव्हे, त्यानंतर कधीतरी कोणीतरी दुरुस्त केली, म्हणजे त्याला ती अजून वाजवायची होती, एवढी साक्ष तो देत होता. नवा ‘जुना’ भाग ती साक्ष पुसून तिथे स्वतःची खोटी साक्ष ठेवणार.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती १९६६ साली पूर्ण झाली. संपादकांनी प्रक्षिप्त ठरवलेले श्लोक जाळले नाहीत; ते तळटीपांत आणि परिशिष्टांत दिले. एका पोथीतला श्लोक कापून दुसरीत चिकटवण्याचे तर त्यांच्या स्वप्नातही आले नसते. वाद्यबाजारात मात्र नेमके हेच दिवसाढवळ्या चालते, आणि त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात.

शिवाय ते मोडके वाद्य येते कुठून? पुष्कळदा ते मोडलेले नसतेच. गिब्सनच्या जुन्या स्टील गिटारींतले पिकअप काढून दुसऱ्या गिटारींत बसवतात. राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये स्टील गिटारीचा पिकअप लावला, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. त्याला एक आवाज हवा होता आणि तो त्याने मिळवला. पण त्याचे अनुकरण करणाऱ्यांची संख्या आणि जुन्या स्टील गिटारींची संख्या ह्यांचे गणित कोणी मांडले आहे काय? एकीला ‘मूळ’ करण्यासाठी दुसरीचा सांगाडा होतो, आणि सांगाड्यांची जाहिरात कोणी करत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, वाद्य हे वाजवण्यासाठी असते, सुटे भाग बदलायचेच. मान्य. तारा तर कोणाच्याच मूळ नसतात. शक्ती उतरलेले चुंबक पुन्हा भारून घेतात. मग ते मूळ की नवे? बिघडले ते बदलावे, नवे म्हणून बदलावे आणि तसे लिहून ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्याने विक्रेत्याला नकार दिला. त्या भागातून खरखर येत होती, म्हणून त्याने आजच्या बनावटीचा साधा भाग बसवून घेतला. १९६२चा भाग त्याने तारखेच्या चिठ्ठीसह पाकिटात घालून गिटारीच्या पेटीत ठेवला आहे.