परवाना दिला, पुढे काय?

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेना शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. निमित्त जमिनीचा वाद. सहाच दिवसांनी मुंबईच्या पश्चिम उपनगरात, फेसबुक लाइव्ह सुरू असताना मॉरिस नरोन्हाने माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा जीव घेतला आणि मग स्वतःवरही गोळी झाडली.

पिस्तूल त्याचं नव्हतंच. ते अंगरक्षकाचं आणि परवाना उत्तर प्रदेशातला!

आपल्याकडे बंदूक म्हटलं की गावठी कट्टाच आठवतो. पण प्रमोद महाजन यांच्यावर २००६ साली भावाने झाडलेल्या गोळ्याही परवान्याच्याच पिस्तुलातल्या होत्या. परवाना देताना पोलीस अर्जदाराची चौकशी करतात. पुढे भांडणं, कर्ज, दारू, धमक्या यांनी माणूस बदलला तर विचारणार कोण? शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, हे चांगलंच झालं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं केली. म्हणजे फेरतपासणी आणखी लांबली.

अमेरिकेत तर शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क. टेक्सासमधल्या उवाल्डीत मे २०२२मध्ये १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा, रायफली दुकानातून रीतसर घेतलेल्या. महिनाभरात अमेरिकेच्या संसदेने २१ वर्षांखालच्या ग्राहकांची तपासणी कडक केली आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाचं शस्त्र कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेणाऱ्या राज्यांना निधी दिला. खासगी विक्रीतली पळवाट मात्र तशीच राहिली. तीही बुजवायलाच हवी.

निवडणूक आली की आपल्याकडे छाननी करून अनेक परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे यंत्रणेला धोका कळतो, पण आचारसंहितेपुरताच. ही छाननी दरवर्षी व्हावी. परवानाधारकावर मारहाणीचा किंवा धमकीचा गुन्हा नोंदला की निकाल लागेपर्यंत शस्त्र जमा करून घ्यावं. आणि परराज्यातला परवाना घेऊन मुंबईत अंगरक्षकाची नोकरी करणाऱ्याने आधी स्थानिक ठाण्यात शस्त्र दाखवावं. ते रात्री कुठे, कोणाच्या कुलपात राहतं, हेही लिहून द्यावं.