दातावरचा डाग आणि पाण्याचा आकडा



गेल्या गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यालगत ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. तिथल्या मुलांसाठी आम्ही चार-पाच कार्यकर्ते दर रविवारी जात होतो. अक्षरओळख, गोष्टी, नखे कापणे असा साधाच कार्यक्रम. एका रविवारी वर्गणी काढून आम्ही ब्रश आणि पेस्ट वाटली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. पाढे घडाघड म्हणायची, पण हसताना ओढणी तोंडावर धरायची. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. आम्ही सगळ्यांदेखत म्हणालो, "बाळ, दात रोज घासावेत. बघ कसे झालेत!" मुलगी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिची आई भेटली. म्हणाली, "दादा, राखुंडीनं घासलं, विटकरीच्या भुकटीनं घासलं. हिरड्यातून रगत येतंय, पर डाग जात न्हाई. आमच्या वस्तीत समद्या लेकरांचं असंच हाय." गाव बीड जिल्ह्यातले. वस्तीला पाणी एका हातपंपाचे. सासू पन्नाशीतच वाकलेली, तिला खाली बसता येत नाही. घरचे म्हणतात वात आहे.

आम्ही ओळखीच्या दंतवैद्यांना कोप्यांवर घेऊन गेलो. त्यांनी दात पाहिले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "हा न घासल्याचा डाग नाही. हे फ्लोराइडचे लक्षण दिसते. पाणी तपासायला हवे." त्या मुलीची माफी आम्ही तिथेच मागितली. आमच्यासारखे शिकलेले लोक गरिबाच्या शरीरावरची खूण पाहिली की आधी त्याच्या सवयींना दोष देतात. आम्हीही त्यातलेच निघालो.

फ्लोराइड हा खडकातून पाण्यात उतरणारा क्षार. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. पाणी खडकात जितके खोल आणि जितका काळ राहील, तितका तो जास्त उतरू शकतो; म्हणून विहिरीपेक्षा खोल बोअरचा धोका अधिक. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात ती वर्षे, म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले की डाग दाताच्या अंगातच बसतो. मग कितीही घासा. वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात, कणा ताठतो. आपल्या देशात हा आजार १९३७ साली आंध्रातल्या नेल्लोर भागात प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ, बीड या जिल्ह्यांतली कितीतरी गावे त्याने गांजली आहेत. २०१३-१४ च्या सुमारास हे प्रकरण पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेले होते.

आता यातली उलटी गोष्ट ऐका. परदेशात हेच फ्लोराइड पाण्यात मुद्दाम घालतात! ते अल्प प्रमाणात असले तर दात कमी किडतात, असे अमेरिकेत आढळले आणि जानेवारी १९४५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात ते घालायला सुरुवात केली. तेव्हापासून वाद पेटला आहे तो आजपर्यंत. एक बाजू म्हणते, गरिबाच्या मुलाला दंतवैद्य परवडत नाही, त्याचे दात नळच वाचवतो. दुसरी म्हणते, सरकारने न विचारता आमच्या पोटात औषध का घालावे? २०२५ मध्ये आधी युटा आणि मग फ्लोरिडा राज्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये बंद केलेले फ्लोराइड पुन्हा सुरू केले. आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "आपल्याकडेही का घालू नये?" प्रश्न वावगा नव्हता. गोळ्या-बिस्किटांनी आपल्या मुलांचेही दात किडतातच. पण आमचे मत विचाराल तर त्यासाठी पेस्ट पुरे. ती हरभऱ्याएवढी घ्यावी आणि थुंकून टाकावी. पाणी थुंकता येत नाही.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. वाद कोण जिंकतो यापेक्षा आकडे ताळ्याला लागतात का, ते आम्ही पाहतो. अमेरिकेत घालायचे प्रमाण २०१५ पासून लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला, की लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेल्या भागांत मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळतो. ०.७ बद्दल ठाम सांगण्याइतकी माहिती नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे त्यांची धोक्याची रेघ दीडवर आहे.

आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा आहे १ मिलिग्रॅम. शेजारी दुसरा रकाना आहे, त्यात दीड लिहिले आहे. त्या रकान्याचे शीर्षक वाचा: दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास. कारकुनाला रकान्याचे शीर्षक सगळ्यात आधी दिसते. दुसरा स्रोत कोणाला नसतो? गावाच्या टोकाच्या वस्तीला नसतो. महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी सार्वजनिक पाण्यासाठी मार खाल्ला. आज हातपंपाला हात लावायला कोणी अडवत नाही, पण वस्तीचा हिशेब या दुसऱ्या रकान्यात मांडला जातो.

आणि मर्यादा ठरते ती लिटरवर. तहान किती, हे त्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. पंख्याखाली बसणारे आम्ही तेवढेच पितो. पण कोयता घेऊन उन्हात ऊस तोडणारी बाई सहा लिटर पिते. दीड गुणिले दोन, तीन मिलिग्रॅम. दीड गुणिले सहा, नऊ. पाणी एकच, पण तिच्या पोटात तिप्पट जाते, कारण ती घाम गाळते. त्यात पोटात दूध नाही, पालेभाजी नाही. कॅल्शियम कमी असलेल्या शरीराला फ्लोराइड अधिक बाधते.

आपल्या भागात नीरेचा डावा कालवा आहे, उजनीचे पाणलोट आहे. पण कालव्याच्या वर सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायती पट्टा आहे. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि बोअर खोल खोल जातात. बागायतीतही मचूळ पाण्याला कंटाळून लोक जार विकत घेतात. मचूळपणा जिभेला कळतो, फ्लोराइड कळत नाही. ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले म्हणजे फ्लोराइड नाही, असेही नव्हे. ते कार्ड स्रोताच्या आसपासची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा हे पाहून देतात. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड तसेच राहते. उकळून तर उलट वाढते, कारण पाणी आटते आणि क्षार उरतो. तुरटी नुसती फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत बसवली आहे, पण तिला पाणी तपासून मोजलेले प्रमाण लागते. म्हणून आधी तपासणी. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. जलसुरक्षकाला आपल्या वस्तीच्या बोअरचा अहवाल मागा. तो 'योग्य' म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका, फ्लोराइडचा आकडा विचारा.

त्या मुलीला दीड वर्षाचा भाऊ आहे. डॉक्टर म्हणाले, हिचे दात आता बदलणार नाहीत, पण याचे पक्के दात अजून आत तयार होत आहेत. आईने विचारले, "मग ह्याला कोनतं पानी पाजू?" कोप्यांवर सहा महिने ते सगळे कालव्याचे शुद्ध केलेले पाणी पितात. उरलेले सहा महिने गावचा हातपंप.

कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या दिल्या. हातपंप थोडा वेळ हापसायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, हे मुलीला दोनदा म्हणायला लावले. ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज तिनेच लिहिला. 'विषय' कुठे लिहायचा आणि तारीख कुठे घालायची एवढेच आम्ही सांगितले, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घ्यायला बजावले. ट्रॅक्टर हलताना तिने कागदाची घडी पिशवीत नीट ठेवली आहे का ते दोनदा चाचपून पाहिले, आणि आमच्याकडे बघून हसली. ओढणीला हात गेला नाही.