कर्ज फिटल्याची नोटीस कोण छापणार?

परवा मेथी निवडायला जुना पेपर पसरला, तर त्यावर एका बँकेची ‘ताबा सूचना’ होती. कर्जदार म्हणून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं नाव, खाली सहकर्जदार म्हणून त्यांच्या पत्नीचं. घराचा पत्ता, थकलेली रक्कम, सगळं छापलेलं. कर्ज दुकानासाठी होतं. वहिनींनी फक्त बँकेत जाऊन सही केली होती. त्या हळदीकुंकवाला येईनाशा का झाल्या, ते मला तेव्हा उमगलं.

मैत्रिणींनो, अशी नोटीस बँक सूड म्हणून देत नाही. २००२च्या सरफेसी कायद्याच्या नियमांप्रमाणे गहाण घराचा ताबा घेतल्यावर ती दोन वर्तमानपत्रांत द्यावीच लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कारणही रास्त आहे. तेच घर कुणी आपल्या गळ्यात मारू नये! आयुष्याची पुंजी घालून घर घेणारीला हे कळायलाच हवं. म्हणून सगळं झाकून ठेवा, असं मी म्हणणार नाही.

पण घराची माहिती देणं वेगळं आणि माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडणं वेगळं. थकबाकीदाराचा फोटो छापायला मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हरकत घेतली नव्हती. केरळ उच्च न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये एका सहकारी संस्थेला, थकबाकीदारांचे फोटो फलकावर लावणं हा त्यांच्या प्रतिष्ठेवर घाला आहे, असं बजावलं. मला हे दुसरं मत पटतं.

त्यात २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ताब्यातल्या मालमत्तांची यादी, कर्जदार आणि जामीनदारांच्या नावांसकट, वेबसाइटवर टाकायला बँकांना सांगितलं. यादी दर महिन्याला सुधारायची, हे खरं. पण कुणी मोबाइलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, तर तो कोण सुधारणार? पेपर निदान रद्दीत तरी जातो.

याउलट, आपल्या कर्जफेडीचा इतिहास ज्यात असतो तो क्रेडिट रिपोर्ट बघा. २००५च्या कायद्यानुसार तो कुणाही शेजाऱ्याला मिळत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांना मिळतो आणि आपला आपल्याला वर्षातून एकदा फुकट. चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते. नादारीचा १९२०चा जुना कायदासुद्धा दिवाळं निघालेल्या माणसाला कोर्टाकडून ऋणमुक्ती मागू देतो. म्हणजे कायद्याला शेवट ठाऊक आहे, लोकांच्या तोंडाला नाही.

वहिनींचं तेच झालं. दुकान विकून त्यांनी पै न् पै फेडली, घर सोडवलं. पण ते कुठेच छापून आलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की नोटीस जितक्या ठळकपणे दिली, तितक्याच ठळकपणे कर्ज फिटल्याचंही जाहीर करणं बँकेवर बंधनकारक करा. आणि नाव यादीतून लगेच काढा.

तोवर आपण एवढं करू. ‘इथे सही कर’ म्हटल्यावर आपण सहकर्जदार आहोत की जामीनदार, ते आधी विचारायचं. कर्ज फिटलं की थकबाकी नसल्याचा दाखला बँकेकडून घ्यायचा आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये तशी नोंद झाली का, ते तपासायचं.

वहिनींना या चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी स्वतः जाणार आहे.